आईसोबत ‘अनुपमा’ बघायची तर अशी बघा

माझा घटस्फोट झाल्यावरही आई नातेवाइकांना ‘ती सध्या इकडेच असते’ एवढंच सांगायची. त्या विषयावर आमचं मनमोकळं बोलणं सुरू झालं ते ‘अनुपमा’ मालिकेमुळे. तुमच्या घरातही असाच विषय अडकून पडला असेल, तर हा उपाय जरूर करून बघा.

मालिका सुरू झाली १३ जुलै २०२० ला, स्टार प्लसवर, आणि भागांची संख्या केव्हाच हजाराच्या पुढे गेली. सगळे भाग बघायचा हट्ट धरू नका. सुरुवातीचे भाग मात्र चुकवू नका, कारण अनुपमाचा संसार तिथेच कळतो. अहमदाबादचं शाह कुटुंब. नवरा वनराज, सासू लीला म्हणजे बा, सासरे बापूजी, तीन मुलं. लग्नाला पंचवीस वर्षं झालीत आणि तिचं इंग्रजी कच्चं म्हणून घरचेच तिला हिणवतात. रूपाली गांगुली हे गप्प राहून दाखवते. टोमणा बसला की आधी ओठांवर हसू येतं, मग डोळे खाली जातात, आणि हात कुठलं तरी काम शोधतात. आई ते बघून म्हणाली, ‘असंच असतं.’ त्यावर मी काहीच बोलले नाही, आणि तुम्हीही बोलू नका. सुरुवातीला आईला नुसतं बघू द्या.

पुढचा थांबा, वनराज आणि त्याच्या ऑफिसातल्या काव्याचं प्रेमप्रकरण उघडं पडतं तो. तिथून घटस्फोटापर्यंतचा, म्हणजे २०२१ च्या मध्यापर्यंतचा, पट्टा निवडून बघा. या मालिकांत एक धक्का बसला की कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरतो, तेवढं खुशाल पुढे ढकला. पण बा आणि अनुपमा समोरासमोर आल्या की रिमोटला हात लावू नका. माझ्या आईचे स्वतःचे विचार बाच्या तोंडून बाहेर पडत होते. संसार टिकवणं बाईच्याच हातात असतं, हे तिने टीव्हीवर दुसऱ्या म्हातारीकडून ऐकलं आणि पहिल्यांदा तिलाच ते टोचलं.

भाग संपला की लगेच टीव्ही बंद करा आणि एकच प्रश्न विचारा. ‘तुला काय वाटतं?’ असं मोघम विचारलंत तर ‘बरं होतं’ एवढंच उत्तर मिळेल. व्यवहाराचं विचारा. ती आता राहणार कुठे? पैसे कुठून आणणार? आमच्याकडे तर आईनेच विचारलं, ‘घर कुणाच्या नावावर आहे गं?’ मालिकेत बापूजी घराचा हिस्सा सुनेच्या नावावर करतात. प्रत्येकीला असे सासरे मिळत नाहीत, म्हणून खरं काय असतं तेही आईला तिथेच सांगा. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबायचं, पण योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. संसार मोडला नसेल पण घरात छळ होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. ‘मला हे कुणी सांगितलंच नव्हतं,’ म्हणाली.

आता दुसरं लग्न. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अनुज कापडिया येतो. कॉलेजातला वर्गमित्र, सव्वीस वर्षं मनात प्रेम जपलेला. मे २०२२ मध्ये त्यांचं लग्न होतं. आईला अनुज आवडतोच, गौरव खन्नाने त्याला फार हळुवार उभा केलाय. पण इथे घाई करू नका. लग्नाचे भाग लावण्याआधी अनुपमाच्या कामाचे भाग दाखवा. ती नृत्य शिकवते, धंद्यात उतरते, आणि वनराजला ‘आपको क्या’ म्हणून गप्प करते. आधी ती स्वतःच्या पायावर उभी राहते, लग्न त्यानंतरचं. हा क्रम आईच्या लक्षात आला की ‘मग तू कधी?’ हा प्रश्न तुमच्या मागे लागत नाही. माझ्यामागचा तरी थांबला.

अनुपमा-अनुजच्या लग्नानंतर मी बघणं सोडलं. पुढे अमेरिका येते, वर्षांच्या उड्या येतात, माणसं बदलतात. आईला बघायचंच असेल तर बघू द्या, ती आता तिची करमणूक.

आईला हिंदी जड जात असेल, तर ‘आई कुठे काय करते’ लावा. दोन्ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून घेतल्यात. इथे देशमुखांचं घर आहे, अरुंधती गाते, वनराज-काव्याच्या जागी नवरा अनिरुद्ध आणि संजना आहेत. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरचं काम बघताना माझ्या मावशीला तर शेजारचीच बाई दिसत होती. ती मालिका ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, त्यामुळे शेवटपर्यंत बघता येते. फक्त जेवताना लावू नका, बोलणं राहून जातं.