एट्रियन ओडिसी: चक्रव्यूहाचा नकाशा नीट कसा काढावा

ॲटलस कंपनीचा ‘एट्रियन ओडिसी’ हा व्हिडिओ गेम जानेवारी २००७मध्ये जपानात निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या कन्सोलवर आला. वरच्या पडद्यावर चक्रव्यूह, खालच्या पडद्यावर चौकटींचा कोरा कागद आणि हातात स्टायलस. चालत जायचं आणि दिसेल ती भिंत आपण काढायची. १९८१च्या ‘विझर्ड्री’पासून असल्या खेळांचे नकाशे लोक शेजारी आलेखवही ठेवून काढत आले होते. दिग्दर्शक काझुया निइनो यांच्या चमूने ती वही खेळाच्या आत आणली. दोन पडद्यांच्या त्या छोट्या यंत्राचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुठल्या जपानी आरपीजीने, म्हणजे पात्रांची ताकद वाढवत नेण्याच्या खेळाने, केला असेल असं मला वाटत नाही.

तरीही नवे खेळाडू हा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच सोडून देतात आणि ‘फार अवघड आहे’ म्हणतात. अवघड आहेच. पण बहुतेकांचं घोडं अडतं ते दोन ठिकाणी: नकाशा ढिला काढलेला असतो, किंवा परत फिरायला उशीर झालेला असतो. दोन्ही टाळता येतं.

कशावर खेळायचं

आज सगळ्यात सोपी वाट म्हणजे १ जून २०२३ला निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आणि स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या दुकानात आलेली एचडी आवृत्ती. मालिकेतले पहिले तीन भाग सुटे मिळतात, तिन्हींचा संचही मिळतो. मूळ किंमत चढी आहे, त्यामुळे सेल लागेपर्यंत थांबा आणि फक्त पहिला भाग घ्या. तो आवडला तर पुढचे दोन आहेतच.

स्विचवर खेळणार असाल तर कन्सोल डॉकमधून (टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीतून) काढून हातात घेऊनच खेळा, कारण डॉकमध्ये पडद्याला हात लावता येत नाही आणि स्टिकने भिंती ओढणं फार कंटाळवाणं आहे. बोटाने रेघ चुकीच्या कडेवर पडते, म्हणून टॅब्लेटसाठी मिळतो तसा बारीक टोकाचा कपॅसिटिव्ह स्टायलस घ्या. डीएसचा जुना प्लास्टिकचा स्टायलस इथे चालत नाही. डीएसचा पडदा दाब ओळखायचा, स्विचचा पडदा बोटातली वीज ओळखतो. स्टीमच्या हातात धरायच्या यंत्रावर, म्हणजे स्टीम डेकवर, उजव्या ट्रॅकपॅडला माउस नेमून द्या. सवय झाली की हात भराभर चालतो.

मूळ डीएस कार्ट्रिज मिळालं तर उत्तमच. ते कुठल्याही देशातल्या डीएसवर किंवा त्याच्यानंतर आलेल्या थ्रीडीएसवर चालतं. थ्रीडीएसवर मात्र चित्र ताणलं जाऊन नकाशाच्या रेघा पुसट दिसतात. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, म्हणजे चित्र मूळ आकारात, लहान पण स्वच्छ येतं. चौथा आणि पाचवा भाग थ्रीडीएसचे आहेत. त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं, त्यामुळे आता वापरलेली कार्ट्रिजंच शोधावी लागतात. तिथे जपून: थ्रीडीएसच्या खेळांना प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिकी कार्ट्रिज जपानी किंवा युरोपी कन्सोलवर चालणार नाही. पैसे देण्याआधी दोन्हींचा प्रदेश विचारून घ्या.

भिंती आपल्याच हाताने

सेटिंगमध्ये आपोआप नकाशा काढायची सोय आहे. पाय पडेल ती जमीन आपोआप रंगू द्या. तेवढं काम यंत्राकडे सोपवायला हरकत नाही. भिंती, दारं, खुणा मात्र स्वतः काढा. हा खेळ बघायला लावतो, आणि रेघ ओढायची असेल तरच माणूस नीट बघतो. भिंती आयत्या मिळाल्या की कुंपणातली फट डोळ्यांसमोरून निघून जाते आणि चक्रव्यूहाची नुसती लांबच लांब गल्ली उरते.

पटावर असतात तशी घरं डोळ्यांसमोर आणा. भिंत ही घर व्यापत नाही, ती दोन घरांमधल्या कडेवर असते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका थांबतात.

काम असं करायचं. जिन्यावरून मजल्यात आलात की पाऊल टाकण्याआधी जिन्याची खूण ठेवा. जागच्या जागी चारही बाजूंना वळून बघा. नुसतं वळल्याने शत्रू हलत नाहीत. तुम्ही उभे आहात त्या घराच्या चार कडांपैकी जिथे भिंत दिसते तिथे रेघ ओढा. मग एक पाऊल, आणि पुन्हा तेच. लांब सरळ वाट दिसली की एका दमात सात-आठ घरांच्या भिंती ओढून टाकायचा मोह होतो. तो आवरा. पडद्यातली खोली फसवी असते, सातवं वाटलेलं घर सहावं निघतं आणि तिथून पुढचा सगळा नकाशा एका घराने सरकतो. तुमची जागा दाखवणारा बाण कधी चुकत नाही, त्यामुळे बाणाचं घर आणि फार तर त्याच्या पुढचं घर, एवढंच काढायचं. नकाशा सरकलेला आढळला तर तिथेच डागडुजी करत बसू नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत, म्हणजे दार किंवा जिन्यापर्यंत, मागे जाऊन तेवढा भाग पुसून पुन्हा काढा.

फाटे फुटले की एकच नियम धरा: उजवी भिंत सोडायची नाही. डावा फाटा राहिला तर त्याची कड उघडी ठेवा आणि तोंडाशी एक खूण टाका. राहिलेल्या फाट्यांसाठी एकच खूण ठरवून घ्या आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. मग मजला संपला का, हे नकाशाकडे नजर टाकून कळतं. वाटेतल्या घटना, बंद दारं, पाणी किंवा औषधी सापडलेल्या जागा, सगळ्यांना खूण हवी आणि चिठ्ठीत दोन शब्द हवेत. ‘दार, किल्ली नाही’ एवढं पुरे. शहरातल्या मदिरालयातली कामं पुष्कळदा जुन्या मजल्यांवर परत पाठवतात. तेव्हा चिठ्ठी नसेल तर अख्खा मजला पुन्हा पालथा घालावा लागतो.

आता फटींबद्दल. चक्रव्यूहात चोरवाटा आहेत. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की झुडपात बारीकशी मोकळी जागा दिसते. तिथे ए दाबायचं. बहुतेक चोरवाटा आधी पलीकडच्या बाजूने उघडाव्या लागतात आणि मग दोन्हीकडून चालतात. त्यामुळे लांबचा वळसा घालून एखाद्या ओळखीच्या वाटेच्या पाठीमागे पोहोचलात, की सामाईक भिंतीचं प्रत्येक घर तपासा. उघडलेल्या चोरवाटेची खूण भिंतीच्या दोन्ही अंगांना ठेवा. नकाशाच्या मधोमध चारही बाजूंनी बंद असलेला मोठा पांढरा तुकडा उरला, तर तो संशयास्पद समजा आणि त्याच्या कडेकडेने एक फेरी मारा.

एफओई: दिसणारं संकट

साध्या लढाया अचानक येतात. पडद्यावरचा रंगीत दिवा निळ्याकडून लालाकडे सरकला की समजायचं, आता येणार. एफओई, म्हणजे मजल्यावरचे मोठे शत्रू, वेगळे. ते मजल्यावर उघड फिरतात, नकाशावर दिसतात, आणि पहिल्या भेटीत तुम्हाला झेपत नाहीत. तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात.

काही ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारतात, काही एका जागी असतात, काही तुम्हाला बघून मागे लागतात. फेऱ्या मारणाऱ्याच्या बाबतीत सुरक्षित अंतरावर दोन घरांमध्ये पुढे-मागे करत त्याची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि बाणांच्या खुणांनी ती वाट नकाशावर उतरवा. मग कुठल्या कोनाड्यात थांबून त्याला जाऊ द्यायचं, ते आपोआप दिसतं.

सगळ्यात घातक गोष्ट: लढाई चालू असताना एफओई थांबत नाही. लढाईची एक खेळी म्हणजे त्याचं एक पाऊल, आणि तुमच्या घरापर्यंत पोहोचला की तो त्याच लढाईत उतरतो. दिवा लाल असताना एफओईच्या वाटेजवळून जाऊ नका. आधी मागे जा, साधी लढाई उरकून घ्या, मग पुढे सरका. दुसऱ्या मजल्यावरचं पिसाळलेलं हरीण हाच धडा शिकवायला ठेवलेलं आहे. सुरुवातीच्या पातळ्यांवर त्याच्याशी लढायचा नाद सोडा, बाजूने जा. पुढे ताकद आल्यावर परत या. मारलेले एफओई खेळातले काही दिवस गेले की पुन्हा उभे राहतात, त्यामुळे नकाशावरच्या त्यांच्या खुणा पुसायच्या नाहीत.

गट

पाच जण, पुढच्या आणि मागच्या रांगेत जास्तीत जास्त तीन-तीन. पहिल्यांदा खेळताना पुढे तलवारवाला लँड्सनेक्ट आणि ढालवाला प्रोटेक्टर, मागे उपचार करणारा मेडिक, जादूचे हल्ले करणारा अल्केमिस्ट आणि धनुष्यवाला सर्व्हायव्हलिस्ट हा गट घ्या. मागच्या रांगेतून तलवार चालवली तर शत्रूला मार कमी बसतो, बाणाला ती अडचण नाही. सुरुवातीला प्रत्येकाला तीन कौशल्यगुण मिळतात, पुढे दर पातळीला एक. ते चार ठिकाणी वाटू नका. अल्केमिस्टने आग, बर्फ, वीज यांतलं एकच धरावं. मेडिकचं ‘इम्युनाइझ’ हे गटाला बसणारा मार कमी करणारं कौशल्य पहिल्या भागात इतकं ताकदवान आहे की पुढचे मोठे शत्रू त्याच्या आडोशाने निभावतात. मेडिकचे गुण त्या दिशेने नेले तर पश्चात्ताप होणार नाही. पहिल्या थरातली, म्हणजे सुरुवातीच्या काही मजल्यांवरची, विषारी फुलपाखरं दिसली की बाकी सगळं सोडून आधी ती मारा. कमी पातळीच्या गटाला तिथलं विष कुठल्याही घावापेक्षा महाग पडतं.

कधी फिरायचं मागे

निघताना पिशवीत दोन वार्प वायर हव्यात. ही तार वापरली की थेट शहरात पोहोचता, आणि ती विसरल्यामुळे जितके गट मेले तितके कदाचित कुठल्याच शत्रूमुळे मेले नसतील. दुसरी तार गडबडीसाठी. पिशवीत साठच नग मावतात आणि औषधंही त्यातच मोजली जातात, म्हणून निघताना निम्मी पिशवी तरी रिकामी असावी.

मेडिककडे तीन वेळा उपचार करण्याइतकाच टीपी (कौशल्यं वापरताना खर्च होणारे गुण) उरला की परत फिरा, मग पुढची वाट कितीही खुणावत असो. शहरात आल्यावर आधी माल विका. इथे पैसा लढाईतून जवळजवळ मिळत नाही, तो शत्रूंच्या शिंगा-कातड्यांतून येतो, आणि विकलेल्या मालातूनच दुकानात नवी शस्त्रं येतात. म्हणून नवीन जिन्नस सांभाळून ठेवू नका, लगेच विका. मग सराईमध्ये झोप, मग सेव्ह. एवढं चक्र अर्ध्या-पाऊण तासात बसतं, लोकलच्या एका लांब प्रवासात आरामात होतं. कन्सोल नुसता स्लीपवर टाकणं म्हणजे सेव्ह नव्हे. बॅटरी संपली किंवा मध्येच दुसरा खेळ उघडला, की गेलं.

आणि गट मेलाच, तर खेळ विचारतो: नकाशा सेव्ह करायचा का? नेहमी हो म्हणा. अनुभव आणि माल जातो, पण काढलेल्या रेघा राहतात. याचा उपयोग मुद्दाम करून घेता येतो. नवा मजला लागला की शहरात सेव्ह करा आणि लढाया टाळत, शक्य तितकं पळत, जाता येईल तिथवर जाऊन भिंती आणि एफओईच्या वाटा काढून घ्या. गट पडला तरी पुढच्या खेपेला तो मजला निम्मा माहितीचा असतो, आणि तेव्हा लढायला लागणारा टीपी लढाईसाठीच शिल्लक राहतो.