रेंजवरची ट्रॉमा किट: या चुका टाळा

कुठल्याही रायफल क्लबच्या ऑफिसातली प्रथमोपचार पेटी उघडून बघा. कापसाचा रोल, डेटॉलची बाटली, बँड-एड, बर्नॉल, एखादं क्रेप बँडेज, तळाशी मुदत संपलेली क्रोसिनची पट्टी. पिस्तुलाच्या स्लाइडने (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाने) अंगठ्याचं कातडं सोललं किंवा गोळीचं गरम रिकामं आवरण मानेवर पडून चटका बसला, तर एवढं पुरतं. पण मांडीची मोठी रोहिणी फुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत रक्त वाहून दगावू शकतो. त्या मिनिटांत कामाची ठरेल अशी एकही वस्तू या पेटीत नसते. अशा जीवघेण्या जखमांसाठी वेगळी भरलेली पिशवी म्हणजे ट्रॉमा किट.

आपल्याकडची नेमबाजी शिस्तीची आहे, हे खरं. नळीत भगव्या रंगाचा सेफ्टी फ्लॅग, रेंज ऑफिसरच्या हुकमाशिवाय बंदुकीला हात नाही, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. त्यामुळे गंभीर अपघात विरळा. तरीही २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्यपदक आणलं आणि नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. नवी मुलं आली की चुकीची शक्यताही त्यांच्याबरोबर येते. तयारी त्या विरळ दिवसासाठीच करायची असते, आणि ती करताना पुढच्या चुका वारंवार होतात.

एकाच पेटीत सगळं कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक. बँड-एड काढायला रोज कोणीतरी पेटी उचकतं, कात्री घेतं, परत ठेवत नाही. खरी वेळ येते तेव्हा टूर्निकेट (हातापायाला बांधून, दांडा पिळून रक्त थांबवायचा पट्टा) क्रेप बँडेजच्या गुंत्यात अडकलेलं असतं. दोन वेगळ्या पिशव्या ठेवा. किरकोळ दुखापतींची पेटी ऑफिसात राहू दे. ट्रॉमा किट मात्र लाल रंगाची, फक्त रक्तस्राव आणि श्वासासाठी, आणि फायरिंग लाइनच्या (गोळी झाडायला उभं राहतात त्या रेषेच्या) मागे रेंज ऑफिसरच्या टेबलाजवळ टांगलेली. कुलूप नको. कपाटाची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आणि सेक्रेटरी रविवारी घरी, असं अनेक ठिकाणी असतं. त्या व्यवस्थेत किट असून नसल्यासारखी.

अमेरिकेतल्या व्हिडिओवरून यादी उतरवणं

आधी आपल्या रेंजवर काय चालतं ते बघा. गावोगावच्या बहुतेक अकादम्या दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलच्या आहेत. तिथे सर्वांत मोठी काळजी डोळ्याची. ४.५ मिलिमीटरची शिशाची पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघते, आणि ती किंवा तिचा तुकडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. अशा जखमी डोळ्यावर कापूस दाबू नका, पाण्याने धुऊ नका, रुतलेलं काही उपटू नका. डोळ्यावर दाब न येता त्याला झाकेल असं कडक कवच हवं. तयार आय शील्ड किटमध्ये ठेवा, नसेल तर कागदी कपाचा तळ चिकटपट्टीने गालाच्या आणि कपाळाच्या हाडावर टेकवून बसवा. माणसाला डोकं थोडं वर ठेवून निजवा आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवा.

पॉइंट टू टू (.२२ इंच) रायफल किंवा सेंटर फायर पिस्तूल अशी काडतुसाची शस्त्रं चालणाऱ्या रेंजवर मात्र पूर्ण ट्रॉमा किटच लागते. इथे टूर्निकेटवर कंजुषी करू नका.

स्वस्तातलं टूर्निकेट

ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांत मिळणारी काळी टूर्निकेट्स सैनिकी वापरातल्या कॅट टूर्निकेटसारखी हुबेहूब दिसतात. फरक दांडा पिळताना कळतो. नकली दांडा वाकतो किंवा मोडतो, पट्ट्याची शिवण उसवते, वेल्क्रो घामाने आणि रक्ताने ओला झाला की सुटतो. अस्सल वस्तू काही हजारांना पडते. ती अधिकृत वितरकाकडूनच घ्या. एका जखमेला कधीकधी दोन लागतात, म्हणून किटमध्ये दोन ठेवा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढताना बांधतात ती रबरी पट्टी या कामाची नाही. ती शिरा फुगवण्यापुरती असते, मोठ्या रोहिणीचा प्रवाह तिने थांबत नाही. सुतळी, नाडी, बुटाची लेस यांचंही तेच. त्या अरुंद असल्याने मांसात रुततात आणि तरी रक्त चालूच राहतं.

नवं टूर्निकेट प्लास्टिकच्या वेष्टणात तसंच ठेवणं ही त्याची जोडीदार चूक. घाबरलेल्या, रक्ताने निसरड्या झालेल्या हातांनी ते वेष्टण फाटत नाही. बाहेर काढा, उत्पादकाने दाखवलंय तशी घडी घाला, उन्हापासून दूर ठेवा. सरावासाठी वेगळं टूर्निकेट घ्या आणि त्यावर ठळक खूण करा. पुन्हा पुन्हा पिळून ताण आलेलं सरावाचं टूर्निकेट खऱ्या जखमेसाठी ठेवू नये.

दर पंधरा मिनिटांनी सैल करणं

जुन्या प्रथमोपचार पुस्तकांतली ही सूचना अनेकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. आता तसं शिकवत नाहीत. सैल केलं की थांबलेलं रक्त पुन्हा वाहतं, आणि बनत आलेली गुठळी निघून जाते. टूर्निकेट जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर, कोपर किंवा गुडघा टाळून, रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस वेदनेने ओरडेल. ते अपेक्षितच आहे, म्हणून हात सैल सोडू नका. तरीही रक्त थांबलं नाही तर पहिल्याच्या वरच्या बाजूला दुसरं बांधा. बांधल्याची वेळ मार्करने पट्टीवर लिहा. पुढे सैल करायचं ते डॉक्टरांनीच.

हातपाय कापावा लागेल या भीतीने लोक बांधायला कचरतात. बगदादच्या अमेरिकी लष्करी इस्पितळातल्या २३२ जखमींच्या नोंदी २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत टूर्निकेटमुळेच अवयव गमावल्याचं एकही प्रकरण नव्हतं. शॉक (रक्त गेल्याने रक्ताभिसरण ढासळणं) येण्याआधी बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगले, शॉक आल्यावर बांधलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. म्हणून ‘थोडं थांबून बघू’ हा निर्णय सर्वांत महाग पडतो.

रायफल जॅकेट विसरणं

ही आपल्या खेळातलीच अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. रायफल नेमबाजाचं कॅनव्हास आणि चामड्याचं जॅकेट, पँट आणि डाव्या हाताची स्लिंग (रायफल स्थिर धरायचा पट्टा) एवढी जाड असते की साधी कात्री त्यावर घसरते. त्यावरून टूर्निकेट बांधलं तर दाब आतपर्यंत पोहोचण्याची खात्री नाही. बटणं आणि बकल सोडवता आली तर सोडवा, नाहीतर कापा. त्यासाठी जाड पात्यांची, बोथट टोकाची ट्रॉमा शीअर्स म्हणजे कपडे कापायची कात्री हवी. विकत घेतल्यावर ती एखाद्या फाटक्या जुन्या जॅकेटवर चालवून बघा. तिथेच ती अडखळली तर बदलून घ्या.

जखमेवर गुंडाळणं, आत न भरणं

मान, काख आणि जांघ इथे टूर्निकेट बांधता येत नाही. तिथे खोल जखमेवर वरून बँडेज गुंडाळलं की पट्टी लाल होते, माणूस त्यावर आणखी पट्टी गुंडाळतो, आणि आत रक्त वाहतच राहतं. गॉज बोटाने जखमेच्या तळापर्यंत, रक्त येतंय त्या जागी, भरत जायचं. पोकळी गच्च भरली की दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबायचं. काओलिन किंवा कायटोसान लावलेलं रक्त गोठवणारं गॉज असेल तर किमान तीन मिनिटं, साधं असेल तर दहा. मधूनच उचलून ‘थांबलं का’ बघू नका. मग वर प्रेशर बँडेज. मानेभोवती मात्र बँडेज आवळू नका, तिथे हातानेच दाब धरून ठेवा. कायटोसानची ड्रेसिंग भारतातही बनतात. अहमदाबादची ‘ॲक्झिओस्टॅट’ त्यांतली एक. पण अशी तयार पट्टी खोल, अरुंद जखमेत शिरत नसेल तर भरण्यासाठी लांब गॉज वेगळं लागतंच.

छातीत आणि पोटात मात्र गॉज कोंबू नका. आणि हळद, कॉफी, चुना, राख जखमेत घालू नका. बोटाला चीर पडली तर स्वयंपाकघरात हळद चालते. इथे ती रोहिणी बंद करत नाही, उलट सर्जनला जखम साफ करण्यात वेळ घालवावा लागतो.

छातीची एकच बाजू बघणं

छातीत छिद्र झालं की हवा आत ओढली जाते. त्यावर चेस्ट सील (छिद्र हवाबंद झाकणारी चिकट पट्टी) चिकटवतात, झडप असलेलं चांगलं. पुढची जखम झाकली की मागे आणि काखेत हात फिरवा, गोळी बाहेर पडल्याची जखम तिथे असू शकते. म्हणून सील जोडीनेच घ्यावं. घाम आणि रक्त पुसल्याशिवाय ते चिकटत नाही. कोकणातल्या दमट हवेत तर अजिबात नाही, तेव्हा सोबत कोरडं गॉज हवंच. सील लावल्यावर धाप वाढली तर त्याची एक कड उचलून हवा जाऊ द्या आणि पुन्हा चिकटवा.

साठलेली हवा काढायला छातीत खुपसायची डीकम्प्रेशन सुई, टाके घालायचं साहित्य, गोळी काढायचा चिमटा हे किटमध्ये ठेवू नका. ती डॉक्टरांची कामं आहेत आणि वस्तू हाताशी असली की कोणाला तरी वापरून बघण्याचा मोह होतो. पेनकिलर नको, पाणी-चहाही नको. रुग्णाला थोड्या वेळात भूल द्यावी लागू शकते. उलट लोक विसरतात ती साधी चंदेरी थर्मल चादर ठेवा. रक्त गेलेलं शरीर नागपूरच्या मे महिन्यातही थंड पडतं, आणि थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. नायट्राइल हातमोज्यांच्या तीन-चार जोड्या ठेवा. उकाड्यात ते चिकटून फाटतात, म्हणून दर उन्हाळ्यानंतर बदला.

किट घेऊन धावणं, रेंज चालूच ठेवणं

जखमीकडे जाण्याआधी मोठ्याने ‘स्टॉप’. सगळ्यांनी फायरिंग थांबवायचं, मग ‘अनलोड’, बंदुका रिकाम्या, फ्लॅग नळीत, सगळे लाइनच्या मागे. एवढ्यात काही सेकंद जातात आणि ते जाऊ द्यायलाच हवेत. नाहीतर दुसरा जखमी तुम्हीच.

त्याच वेळी दुसऱ्या माणसाने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. ‘रायफल रेंज’ एवढ्यावर रुग्णवाहिका येत नाही. पुण्याच्या बालेवाडीसारख्या मोठ्या क्रीडा संकुलात कोणतं प्रवेशद्वार, कोणती इमारत हे सांगावं लागतं. पूर्ण पत्ता, जवळची खूण, गेटवर कोण उभं राहणार आणि चोवीस तास सर्जन व रक्तपेढी असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय हे सगळं किटच्या झाकणावर मराठीत, ठळक अक्षरांत चिकटवा. ते रुग्णालय कोणतं याची चौकशी आजच करा. जवळ आहे म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं आणि तिथून पुढे पाठवलं तर वेळ दुप्पट जातो.

गोळीची जखम म्हणजे मेडिको-लीगल केस. रुग्णालय पोलिसांना कळवणारच, त्यामुळे घाबरून खरं कारण दडवू नका. डॉक्टरांना कोणतं शस्त्र, कोणती गोळी, किती अंतर आणि टूर्निकेट किती वाजता बांधलं हे सांगा. शस्त्र रिकामं झाल्यावर त्याला कोणी हात लावू नये. कापलेले कपडे प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत भरून रुग्णाबरोबर पाठवा.