क्लच कव्हरचं नवं पॅकिंग पुन्हा गळतंय? या चुका टाळा

बेळगावात जून लागला की गाडीखालच्या ओल्यात पाणी किती आणि ऑईल किती, हेच समजत नाही. माझ्या शंभर सीसीच्या गाडीच्या क्लचप्लेटा मी घरीच बदलल्या आणि नवं पॅकिंग (ऑईल गळू नये म्हणून मध्ये घालायचा कागदी थर) घालून कव्हर बसवलं. खानापूरला जाऊन आलो तर उजव्या बुटावर ऑईलचे शिंतोडे! दुसरं पॅकिंग आणलं, तेही गळलं. शेजारच्या मामांची उमर उद्यमबागेत, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करण्यात गेलेली. ते खाली बसले, कव्हरच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "पॅकिंगला कशाला शिव्या देतोस गा? फेस बघ की तुझा."

फेस म्हणजे कव्हर आणि चेंबर (इंजिनचं खालचं कवच) एकमेकांना भिडतात ती सपाट कड. माझ्या कव्हरच्या फेसवर खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरची खाच होती. कव्हर निघेना म्हणून मीच तिथे टोक घालून उचकटलं होतं. ॲल्युमिनियम मऊ, खाच पडली की तिच्या काठाला धातू वर येतो आणि पॅकिंग तिथे नीट दबतच नाही. कव्हर चिकटलं असेल तर आधी एखादा बोल्ट राहिलाय का ते बघा (माझा किकखाली दडलेला होता), मग लाकडी नाहीतर रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. सुटतं.

जुन्या पॅकिंगचा कागद काढताना पॉलिश पेपर मारायचा मोह होतो. मारू नका. एक तर त्याची वाळू आत पडून ऑईलबरोबर फिरते, दुसरं म्हणजे फेसच्या कडा गोल होतात. चेंबरमध्ये स्वच्छ फडकं कोंबा, कागदावर थिनर लावून थोडा वेळ थांबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ब्लेड वापरायचंच तर अगदी आडवं धरा. शेवटी स्टीलची पट्टी फेसवर उभी धरून मागून टॉर्च मारा. मधून उजेड दिसला तर तिथे उंचसखल आहे. बारीक उंचवटा सपाट ऑईलस्टोनने हलक्या हाताने जातो. कव्हरच वाकलं असेल तर मशीन शॉप गाठा, घरी घासत बसू नका.

मग सिलिकॉनचा जाड थर दिला तर? मी दिला होता. बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही ओघळतं. तो तुकडा सुटून ऑईलच्या जाळीत जाऊन बसला की पंपाला ऑईल कमी पडतं. कागदी पॅकिंग कोरडंच किंवा ऑईलचा हात फिरवून लावा; मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच सीलंट. एकदा दबलेलं पॅकिंग परत वापरायचं नाही, दिसायला कितीही चांगलं असलं तरी. आणि आमच्याकडच्या पावसाळी हवेत पाकिटाबाहेर राहिलेला कागद ओल धरून थोडा वाढतो, मग भोकं जुळत नाहीत. म्हणून पाकीट शेवटी फोडा.

बोल्टांचा घोळ सगळ्यात महागात पडतो. एकाच कव्हरला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दबलेलंच नसतं. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-चार आट्यांवरच सगळा जोर येतो आणि आटे निघून येतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच जागी टोचून ठेवा. बसवताना न फिरवता सगळे नुसते भोकात सोडून बघा: सगळ्यांची डोकी कव्हरपासून सारखीच वर दिसली पाहिजेत. एखादा जास्त वर किंवा जास्त खाली असेल तर अदलाबदल झालीय. भोकात ऑईल साचलं असेल तर कापडाच्या वातीने टिपून घ्या, नाहीतर बोल्ट खाली जाताना ते कोंडून कास्टिंगला चीर जाऊ शकते.

कव्हर टेकवण्याआधी दोन्ही डॉवेल, म्हणजे ते पोकळ बुश, जागेवर आहेत का बघा. एखादा काढलेल्या कव्हरला चिकटून राहतो, एखादा ऑईलच्या घमेल्यात सापडतो. किकच्या शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा, म्हणजे ऑईल सीलची रबरी कड कापत नाही. हाताने दाबून कव्हर दोन-तीन मिलिमीटर दूरच राहत असेल तर बोल्टने ओढून घेऊ नका. डॉवेल, क्लचचा आर्म किंवा पॅकिंगची घडी, काहीतरी अडलेलं असतं.

मी टी पान्याला दोन्ही हात लावले तेव्हा मामा हसले, "आवळालास का पिळालास गा?" या कव्हरांना बहुतेक ६ मिलिमीटरचे, आठच्या पान्याचे बोल्ट असतात. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतं. नक्की आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आधी सगळे बोटांनी, मग समोरासमोर तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत.

एवढं करूनही ओल दिसली तर लगेच कव्हर खोलू नका. इंजिन थंड असताना केरोसीनने धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, मधल्या स्टँडवर पाच मिनिटं गाडी चालू ठेवा. पावडर पहिल्यांदा जिथे भिजते ती खरी जागा. ऑईल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही. किकच्या सीलवर किंवा ड्रेन बोल्टच्या वॉशरवर ओल निघाली तर पॅकिंग निर्दोष. ऑईल प्रमाणापेक्षा जास्त भरलंय का, तेही बघा. आणि चेंबरचा ब्रीदर पाईप, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी नळी, फुंकून बघा. माझ्या पाईपच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, आतला दाब कोंडून ऑईल बाहेर ढकलत होता. तिसरं पॅकिंग फेस साफ करून, ब्रीदर मोकळा करून लावलं. यंदाचा पावसाळा त्याच्यावरच चाललाय.