परिसर अभ्यासाचा तास, कढीपत्त्याखाली

मुलांना निसर्गात न्यायचं म्हटलं की बस, डबे, परवानगीपत्रं आणि हजेरी घेताघेता घसा बसलेले गुरुजी डोळ्यांसमोर येतात. ती झाली सहल. शिकवण्यासाठी शाळेच्या आवारातलं एक झाड आणि आठवड्याचा एक तास पुरतो. अट एकच, झाड बदलायचं नाही. रोज नवी जागा दाखवली तर मुलं नुसती बघून येतात. त्याच जागी पुन्हा गेली की गेल्या वेळेपेक्षा काय वेगळं आहे ते हुडकायला लागतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत, तर गुरं चरतात तिथेच शाळा. आपल्याला तर फक्त वर्गाचा उंबरठा ओलांडायचा आहे.

आधी एकट्याने फेरी मारा. आदल्या दिवशी जागा नीट बघून घ्या. फांदीवर मधमाश्यांचं पोळं आहे का, आसपास गाजर गवत किंवा खाजकुयली आहे का, गवत गुडघ्याएवढं वाढलंय का? तसं असेल तर दुसरी जागा धरा. मुलांना दोन नियम पुरतात: दगडाखाली बोटं घालायची नाहीत (विंचू असतो) आणि केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही. फक्कीने हद्द आखा. वर्ग चाळीसचा असेल तर पाच-पाचचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक काम द्या. काम नसलेला गट दहा मिनिटांत मारामारीवर येतो.

सुरुवात खेळाने. पहिली ते तिसरीसाठी हा खेळ हमखास चालतो. प्रत्येकाने खाली पडलेलं एक पान उचलायचं आणि दोन मिनिटं त्याच्याशी ओळख करून घ्यायची. मग सगळी पानं एका ढिगात टाकायची, ढीग हलवायचा आणि आपापलं पान शोधायचं. बहुतेकांना ते सापडतं. खरा तास त्यानंतर सुरू होतो: कशावरून ओळखलंस? "माझ्या पानाला देठाजवळ भोक होतं", "माझं कडेला कुरतडलेलं होतं". खरखरीत, चरचरीत, जाळीदार हे शब्द तिथे आपोआप तोंडी येतात. फळ्यावर विशेषणांची यादी लिहून एवढं काम होत नाही.

मग एकच प्रश्न घ्या. झाडाचं नाव सांगून सुरुवात करू नका. नाव कळलं की मुलांना वाटतं, काम संपलं. कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर प्रश्न तयारच आहे: याची पानं कोण खातं?

जुलै ते ऑक्टोबर या काळात कोवळ्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढी फिकट पिवळी अंडी सापडतात. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची ती अंडी. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मुलं नाक मुरडतात. तिथेच विचारा, "तुम्ही पक्षी असता तर हिला खाल्लं असतं का?" पुढे तीच अळी कात टाकून हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदाच करून दाखवा, तिचा छळ नको. मग कोष, आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या नीलवंताच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात, हे आता सांगितलं तर लक्षात राहतं. काही अळ्या मध्येच गायब होतील. मुंग्या नेतात, गांधीलमाशी नेते. ते लपवू नका. अन्नसाखळीचा धडा तोच आहे.

गणितही बाहेर न्या. पाचवीच्या पुढच्यांना झाडाची उंची मोजू द्या. एक मीटरची काठी उभी करा. तिची सावली ८० सेंटीमीटर आणि त्याच वेळी झाडाची ६.४ मीटर भरली, तर झाड ८ मीटरचं. पावसाळ्यात सरळ बाजूंच्या डब्यात पाणी साठवून पट्टीने मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गाचं छप्पर १० गुणिले ६ मीटर आणि पाऊस २५ मिलिमीटर असेल, तर १५०० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर शंभर हंडे. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या मुलांना हे उत्तर पुन्हा तपासून बघावंसं वाटतं.

वही ठेवा, पण निबंध नको. तारीख, एक चित्र, दोन ओळी आणि एक न सुटलेला प्रश्न, बस्स. "पोरं नुसती खेळतात" अशी तक्रार घेऊन पालक आले की हीच वही त्यांच्यापुढे ठेवा. चित्रं वाकडी असली तरी चालतील, पण अळीला पाय किती ते मोजलेलं हवं.

आवारात झाडच नसेल तर कुंडीतला कढीपत्ता चालतो, फक्त त्यावर कीटकनाशक मारायचं नाही. मेच्या सुट्टीसाठी एक गृहपाठ: महाराष्ट्रात त्या महिन्यात एका दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच राहते. पुण्यात तो दिवस १३ मेच्या आसपास येतो, नागपुरात २६ मेच्या. सरळ बाटली अंगणात उभी करायची, साडेबाराच्या आधी आणि नंतर थोडा थोडा वेळ सावली खडूने आखायची. मामाच्या गावाला गेलेल्यांनी तिथली तारीख लिहून आणायची. जूनमध्ये शाळा उघडली की सगळ्यांच्या तारखा नकाशावर लावा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचायला सांगा.