अल्झायमरचे नवे औषध किंवा औषधचाचणी हवी असल्यास चौकशी कशी करावी

नव्या औषधाची बातमी वाचली की नातेवाईक आधी किंमत विचारतात. खरे तर आधी विचारायला हवे ते आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब आणि जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळालेले डोनानेमॅब ही दोन्ही औषधे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत, आणि तीही मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साठल्याचे तपासणीत दिसले तरच. म्हणून बी-१२ची कमतरता, थायरॉइड अशी विस्मरणाची इतर कारणे तपासून झाल्यावर न्यूरोलॉजिस्टना अमायलॉइड पेट स्कॅन (मेंदूतील हे प्रथिन दाखवणारे स्कॅन) किंवा मणक्यातील पाण्याच्या तपासणीबद्दल विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते न विसरता सांगावे, कारण या औषधांमुळे मेंदूला सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो.

अपेक्षा किती ठेवायची, हेही घरात आधीच बोलून घ्यावे. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला, ही मथळ्यातली बाजू झाली. स्मृती आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणाचा होता. गेलेली स्मृती या औषधाने परत येत नाही.

भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी नोंदवहीत असते आणि ती संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येते. तेथे ‘अल्झायमर’ हा शब्द इंग्रजीत टाकून शोध घ्यावा आणि मिळालेल्या नोंदीत भरती सध्या खुली आहे का, कोणत्या शहरातील कोणत्या रुग्णालयात आहे, वय व आजाराच्या अटी काय आहेत आणि एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी मिळाली आहे का, एवढे नीट वाचावे. मात्र नोंद म्हणजे औषध गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. काढ्यांपासून इंजेक्शनांपर्यंत सगळ्यांचीच नोंद तेथे होते. चाचणीतील औषधासाठी कोणी पैसे मागू लागला, तर तेथूनच परत फिरावे.

संमतिपत्रक मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: रुग्णाच्या वाट्याला औषधाऐवजी प्लासिबो (दिसायला तसेच, पण औषध नसलेले) येण्याची शक्यता किती, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहणार का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पत्रकात लेखी असतात. तिसऱ्याला बहुधा गुळमुळीत उत्तर मिळते, म्हणून तेही लेखी मागावे. औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांत चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद आहे, परंतु ती सरसकट नाही; चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता त्यासाठी लागते.

देशात मान्यता नसलेले औषध स्वतःच्या वापरासाठी परदेशातून आणायचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नमुना १२-अ भरून परवाना काढावा लागतो. त्याआधी सलाइनवाटे औषध देण्यास आणि वरचेवर एमआरआय करून लक्ष ठेवण्यास तयार असलेले रुग्णालय पक्के करावे, नाहीतर लाखोंची कुपी फ्रिजमध्येच पडून राहील. चाचणीत जायचे असो वा औषध आणायचे असो, प्रत्येक भेटीला सोबत जाऊन रुग्णाचे रोजचे वागणे डॉक्टरांना सांगू शकेल असे एक माणूस घरातून ठरलेले हवे. मुलगा पुण्यात आणि आई सांगलीत असेल, तर ते कोण, हे पहिल्या भेटीपूर्वीच ठरवावे.