ट्रान्सफॉर्मरवाल्यांचं ऑफिस करताना

बडोद्यात इंटिरियरच्या कामाला लागलात की मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे तिथली औद्योगिक वसाहत, टळत नाही. बंगले, फ्लॅट चालू असतात, पण कधीतरी कारखान्याचं ऑफिस हाती येतंच. मालक पहिल्याच भेटीत सांगतो, "आत पाऊल टाकताच कळलं पाहिजे, आम्ही काय बनवतो ते." मग आपण रिसेप्शनच्या भिंतीवर मालाचा मोठा फोटो आणि मागून एलईडीची पट्टी दाखवतो, मालकही खूश होतो. मला हा रस्ता पटत नाही. कंपनीचा धंदा आधी प्लॅनमध्ये उतरायला हवा, भिंतीचा विचार त्यानंतर. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीचं जुनं ऑफिस नव्याने केलं, त्या कामाच्या आधाराने सांगते.

टेप काढण्याआधी शॉप फ्लोअरवर जा, आणि एकदाच जाऊन थांबू नका. ट्रान्सफॉर्मरचा कोअर, म्हणजे आतला चुंबकीय गाभा, हा सीआरजीओ नावाच्या खास विद्युत पोलादाचे 0.23 ते 0.30 मिलिमीटरचे पातळ पत्रे, एकावर एक रचलेले. अखंड लोखंड वापरलं तर त्यात भोवरी प्रवाह (लोखंडातच गोल फिरणारी वीज) फिरून ते तापेल, म्हणून हे पत्रे, आणि प्रत्येकावर इन्सुलेशनचा थर. वाइंडिंगच्या, म्हणजे तांब्याच्या गुंडाळ्या करण्याच्या, विभागात तांब्याच्या पट्टीवर कागद गुंडाळलेला असतो, आणि त्या कागदाला ओलावा अजिबात चालत नाही. तिथले एक मराठी काका मला म्हणाले, "ताई, बघा हवं तेवढं, पण हात लावू नका. घामाचा हातसुद्धा चालत नाही इथे." स्वच्छतेची ही शिस्त कंपनीचा खरा स्वभाव आहे, तो ब्रोशरमध्ये सापडत नाही.

पुढचा प्रश्न विचारायचा तो हा, की ऑफिसात बाहेरून कोण येतं आणि किती वेळ थांबतं? बऱ्याच टाइप टेस्ट (डिझाइन तपासायला नमुन्यावर करतात त्या) मकरपुऱ्यातल्याच एर्डा या विद्युत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत होतात, पण रूटीन टेस्ट (प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर करतात त्या) कारखान्यातच होतात. त्या बघायला ग्राहकाकडचे, म्हणजे वीज कंपन्यांचे इंजिनिअर येतात. दिवसभर बसतात, ड्रॉइंग पसरून आकडे ताडून बघतात. जुन्या ऑफिसात त्यांना अकाउंट्सच्या टेबलांमधून वाट काढत मालकाच्या केबिनशेजारी बसावं लागायचं. सगळ्यात महत्त्वाच्या पाहुण्याला सगळ्यात अडचणीची जागा! नव्या प्लॅनमध्ये आम्ही टेस्टिंग विभागाला लागून इन्स्पेक्शनची खोली दिली. मध्ये काच ठेवली, म्हणजे चाचणी बसल्या जागेवरून दिसते आणि माणूस हाय व्होल्टेजपासून लांब राहतो. ए-वन आकाराच्या दोन शीट शेजारी-शेजारी मावतील असं टेबल, त्यावर 500 ते 750 लक्स उजेड (बाकीच्या ऑफिसला 300 ते 500 पुरतो), हेल्मेट टांगायला दारापाशी खुंट्या, शेजारीच स्वच्छतागृह. रिसेप्शनपासून इथवर सरळ पॅसेज. मालकांना भिंतीवरच्या कुठल्याही सजावटीपेक्षा ही खोली जास्त आवडली.

या खोलीत आवाजाची अडचण येते, आणि ती नीट समजून घ्या. आपली वीज 50 हर्ट्झची, पण चुंबकत्वामुळे कोअर प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून त्याची घरघर मुख्यतः 100 हर्ट्झची. बाजारात मिळणाऱ्या फोमच्या टाइल्स इतक्या खालच्या आवाजाला काही करू शकत नाहीत, त्या खोलीतला घुमारा तेवढा कमी करतात. इथे वजन लागतं: स्लॅबला भिडलेली 230 मिलिमीटरची विटांची भिंत, वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा आणि मध्ये पोकळी, दाराला चारी बाजूंनी गॅस्केट. भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवली तर आवाज वरून येतोच.

आता साहित्य. कापून उरलेले सीआरजीओचे पत्रे रिसेप्शन टेबलाच्या दर्शनी भागाला वापरले, कोअरसारखेच पायऱ्यापायऱ्यांनी रचून. दिसायला देखणे, पण कडा ब्लेडसारख्या. कड घासून घ्या आणि माणसाचा हात पोचेल तिथे पट्टीखाली झाका. कापलेल्या कडेवर इन्सुलेशनचा थर नसतो, म्हणून पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो. क्लिअर लॅकर मारायलाच हवा. तांब्याचंही तसंच, लॅकर नसेल तर बोटांचे डाग पडून ते काळवंडतं. प्रेसबोर्डचा (ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनला वापरतात त्या जाड दाबलेल्या पुठ्ठ्याचा) सूचनाफलक छान होतो, पण तो शेवटी जळणारा पदार्थ, त्यामुळे पॅसेजभर लावू नका. रंगासाठी शेडकार्ड चाळायची गरज पडली नाही. टाकीला देतात तोच आयएस 5 या रंगांच्या भारतीय मानकातला 631 नंबरचा फिकट राखाडी घेतला.

संखेड्याचा झोपाळा रिसेप्शनमध्ये ठेवायची सूचना आली होती. संखेड्याचं लाखकाम मला मनापासून आवडतं, माझ्या घरी आहे. पण तो आपल्या भागाची ओळख सांगतो, या कंपनीची नाही. तो झोपाळा गच्चीवरच्या जेवणाच्या जागेत लावला, आणि तिथे तो शोभतो.

साइटबद्दल एकच गोष्ट, पण ती बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि मापांच्या यादीत) लिहूनच घ्या. कारखाना चालू असताना काम करायचं तर धूळ हा मोठा धोका. प्लायचं कटिंग बाहेर करून आणायचं, शॉप फ्लोअरकडची बाजू प्लास्टिकने सील करायची, पुट्टी घासायचं काम वाइंडिंग बंद असेल त्या सुट्टीच्या दिवशी. मिस्त्री कुरकुरतात, कारण ने-आण वाढते. तो खर्च दरात आधीच धरा.

नोकरीसाठी पोर्टफोलिओ दाखवायला जाल तेव्हा रेंडर मागे ठेवा. आधी जुना आणि नवा प्लॅन शेजारी-शेजारी दाखवा, आणि दोन्हींवर पाहुण्याची वाट लाल पेनने काढून न्या. मी तरी मुलाखत घेताना पहिल्यांदा तेच मागते.