माळवद उतरवून नवं घर बांधताय? मग जेसीबी बोलावू नका

जुनं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर, पाडायचं ठरलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो, तो आधी थांबवा. दोन तासात घर आडवं होतं खरं पण सागवानी खांब, तुळया, चौकटी सगळं मोडून मातीत जातं आणि तसलं लाकूड आज विकत घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात. आम्ही लातूर जिल्ह्यातलं औशाकडचं आमचं पाच खणाचं माळवद माणसं लावून उतरवलं, आधी वरची माती, मग किलचनं (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्या), मग तुळया, भिंती सगळ्यात शेवटी. आठ दिवस जास्त लागले पण दारं खिडक्या सगळ्या त्याच लाकडातनं निघाल्या आणि दगड जोत्याला पुरून वर कंपाउंडलाही झाला.

माळवद गार असतं, तसंच परत बांधा असं बरेच जण सांगतील. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट विसरू नका. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि छताच्या मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं, आमच्या घरात अजून त्याचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. त्यामुळं जोत्याला, लिंटलला (दारं खिडक्यांच्या वर) आणि स्लॅबखाली सलग आरसीसी बँड, म्हणजे सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा, घ्याच, कोपऱ्यात उभ्या सळया पण सोडा, मिस्त्री नको म्हटला तरी ऐकू नका आणि डिझाईन इंजिनिअरकडूनच करून घ्या.

पाया काळ्या मातीत ठेवायचा नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे जातात, म्हणून कडक मुरूम लागेपर्यंत खोदायचं.

भिंतीला फ्लाय अॅशच्या विटा चालतात, परळीच्या थर्मलची राख आपल्याच भागातली आहे आणि भट्टी लावावी लागत नाही. स्लॅब मात्र एप्रिल मेमध्ये तव्यासारखा तापतो, रात्री पंखा गरम हवाच फेकतो, त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा किंवा दरवर्षी चुना मारा, फरक लगेच कळतो. पश्चिमेला खिडक्या कमी, ओसरी किंवा लिंबाचं झाड त्या बाजूला. जुन्या घरात साणं, म्हणजे छतातलं भोक, असायचं ना वर, त्यातनं गरम हवा निघून जायची, तसं जिन्याच्या डोक्यावर जाळीचा झरोका ठेवा.

पाण्याचं तर बोलायलाच नको, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. हजार स्क्वेअर फुटाच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस झाला की साधारण ६५ हजार लिटर पाणी पडतं, थोडं वाया गेलं तरी ५० हजार हाती लागतं. स्लॅबला उतार आणि पाईप बांधतानाच काढून ठेवा, नंतर फोडाफोडी होते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं वाळू-खडीच्या फिल्टरमधनं टाकीत, टाकी भरली की बोअरला. न्हाणीचं पाणी नांदेड पॅटर्नच्या शोषखड्ड्यात (मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड) सोडा, दारात गटार राहत नाही आणि डासही कमी होतात.

सोलरसाठी छतावर दक्षिणेकडची सावली नसलेली जागा मोकळी ठेवा, पाण्याची टाकी तिथं बसवू नका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

आणि हो, पाडायच्या आधी नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) नावावर आहे का बघा, ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, दिवाळी झाली की लगेच काम काढा म्हणजे मृगाच्या आत स्लॅब पडतो.